सतराव्या पानावरचे चार हात

अमरावती
मंगळवार, १४ एप्रिल २०२६

प्रिय माधवी,

तू बरी असशील अशी सुरुवात करणार होते, पण तू दोन दिवस धड जेवली नाहीस हे शालूने सांगितलं आहे. त्यामुळे ते वाक्य सोडते. मी ठीक आहे. आईचा गुडघा तसाच आहे. चंदाकाकूंना माझा नमस्कार सांगायचा की नाही, ते तू ठरव.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, उत्तर देत नाहीस. गुरुवारी शालू कॉलेजच्या कामाला अमरावतीला येणार आहे, तिच्या हाती हे पत्र देईन. आधी रविवारी काय झालं ते क्रमाने लिहिते. कुठे चुकलं असेल तर दुरुस्त कर.

१. रविवार, १२ एप्रिल. दुपारी साडेबाराला तुमच्या अकोल्याच्या घरी केळवण. शालूने त्यातच आपल्या ताईचं 'ब्राइड टू बी' धरलं होतं. गुलाबी फुगे, तुझ्या खांद्यावरून पट्टा, ताटात पुरणपोळी.

२. शालूच्याच हौसेने तुझ्या सासरचेही आले होते. पातूरहून चौघीजणी, त्यांत शिवमच्या जमुनाआत्या.

३. जेवणं झाल्यावर मी तुला अल्बम दिला. चोवीस पानं, एकसष्ट फोटो, सगळे आपल्या दोघींचे. अल्बम हातोहात फिरला.

४. सतराव्या पानावर मेंदीच्या चार हातांचा फोटो होता. जमुनाआत्यांना त्या मेंदीत एक नाव सापडलं. ते शिवमचं नव्हतं.

५. शालू म्हणाली, तो हात प्रणालीताईचा आहे.

६. आत्यांनी मला विचारलं. मी 'नाही' म्हणाले.

७. तीन वाजता पातूरची गाडी निघून गेली.

८. सोमवारी मध्यस्थाकडून निरोप आला: आधी एक साखरपुडा झाला होता हे का लपवलं, आणि तो का मोडला, दोन्ही सांगा. मंगळवारी, २१ तारखेला, बैठकीला माणसं येतील. तोवर पत्रिका छापू नका.

लग्न ७ मेला आहे. ती तारीख गेली की अधिक महिना लागेल, आणि एकदा पुढे गेलेलं लग्न किती पुढे जातं ते तुला मी सांगायला नको. शालू म्हणते, शिवम रोज फोन करतो आणि एकच सांगतो, "मोडलं काहून ते सांगा, घरच्यायले मी समजावतो." म्हणजे त्याला एक कारण हवं आहे, आणि तुमच्याकडे ते नाही. तुमच्या घरात सगळ्यांना एवढंच माहीत आहे की फेब्रुवारी २०२२ मध्ये अंकुशच्या घरून नकार आला आणि का आला ते कोणी सांगितलं नाही.

त्यावर मी येणार आहे. आधी अल्बमचं लिहिते.

तो करायला मला पाच आठवडे लागले. राजकमल चौकातल्या दुकानातून काळा जाड कागद आणला, तीस बाय तीस सेंटिमीटरला कापला. फोटो थेट चिकटवले नाहीत, कोपरे लावून बसवले, म्हणजे कधी काढावेसे वाटले तर फाटणार नाहीत. नववं पान मी तीन वेळा केलं. शाळेच्या सहलीचा फोटो दीड मिलिमीटर वाकडा बसत होता. आई म्हणाली, "कोन मोजून पाहनार हाय वं ते?" मी म्हणाले, मला दिसतं. खरं तर मला त्या पाच आठवड्यांत काहीच सरळ वाटत नव्हतं. एक पान करायचं, उठायचं, पाणी प्यायचं, परत येऊन तेच पान उसवायचं. चार वर्षांत आपण धड बोललो नव्हतो, आणि मी आपल्या मैत्रीची चोवीस पानं भरत होते.

प्रत्येक फोटोखाली मी तारीख, गाव आणि फोटो कोणी काढला ते लिहिलं. ती लॅबची सवय. आमच्याकडे काँक्रीटचा ठोकळा येतो तेव्हा त्यावर ओतल्याची तारीख असते. तारीख नसलेला ठोकळा आम्ही तपासतच नाही, बाजूला टाकून देतो. बिनतारखेचा फोटो मला तसाच वाटला असता.

सतराव्या पानावरचा फोटो २० नोव्हेंबर २०२१ चा. तुझ्या पहिल्या साखरपुड्याच्या आदल्या दिवसाचा. पातूरला ते काहीच सांगितलेलं नाही, हे शालूने मला मार्चमध्येच सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. यादीत मी ते लिहिलं नाही, इथे लिहिते.

मग तो फोटो का घेतला? कारण त्यानंतर आपला दोघींचा एकही फोटो नाही. तो वगळला असता तर अल्बम २०२१ च्या दिवाळीला संपला असता, आणि मला तो एक दिवस तरी पुढे न्यायचा होता. मी अशी काळजी घेतली की मागचा मांडव, तुझी साडी, पाहुणे, सगळं कापून टाकलं. फक्त मनगटापर्यंतचे चार हात ठेवले, दोन तुझे, दोन माझे. पण कापल्यावर फोटो लहान झाला. पानावर चौकट रिकामी दिसायला लागली. म्हणून मी तो अडीच पट मोठा करून छापून आणला.

मूळ फोटोत ते नाव दिसत नाही. मी काल पुन्हा पाहिलं, भिंग लावूनही नीट वाचता येत नाही. मोठ्या फोटोत तुझ्या डाव्या अंगठ्याखालच्या वेलीत ते सरळ वाचता येतं. नवरीच्या मेंदीत नवऱ्याचं नाव लपवतात आणि बायका ते शोधतात, हे मला माहीत आहे. त्या दिवशी ती मुलगी नाव काढत होती तेव्हा मी शेजारीच बसले होते. फोटो छापून आल्यावर मी चारही कडा काटकोनात आहेत का ते तपासलं. मेंदी वाचली नाही.

आत्यांना तर शोधायचंच होतं. त्या मजेत होत्या. आल्याआल्या मला विचारलं होतं, "तू कोनाची वं? आडनाव काय तुयं?" मी वानखडे सांगितलं. आमचं आडनाव तुमच्यातही असतं, त्यामुळे त्या "बरं बरं" म्हणून पुढे गेल्या. अल्बम मांडीवर आला तशी त्यांनी चष्मा मागवला.

"अवं, हे पाह्य! लग्नाच्या आंधीच मेंदी काढून पाह्यली का पोरीनं? थांबा, आमच्या शिवमचं नाव कुठी लपवलं ते मीच शोधतो."

"आत्या, आइस्क्रीम वितळून राह्यलं," शालू म्हणाली.

"वितळू दे वं. अं... कुश. अंकुश? हा कोन अंकुश?"

शालू पटकन म्हणाली, "तो हात प्रणालीताईचा आहे. तिचं जमलं होतं तेव्हाचा."

आत्या माझ्याकडे वळल्या. तेव्हाही त्या हसतच होत्या. "काहून वं वानखडेबाई, तुया हात हाय हा? मंग लाजतं काहून? सांग ना!"

तू माझ्याकडे पाहिलंस. त्या पाहण्याचा अर्थ मला कळला होता, आणि तो कळला नाही असं मी कधीही म्हणणार नाही. मग मी "नाही" म्हणाले. आणि आत्यांनी खाली लिहिलेली तारीख मोठ्याने वाचली.

आतल्या खोलीत तू पट्टा काढून पलंगावर फेकलास. "फक्त हो म्हनायचं होतं तुले. एक शब्द. तुले एकदा तरी खोटं बोलता नाही येत का वं?" अल्बम तिथेच ठेवून साडेचारच्या बसने परत आले.

बाहेरून आई हाका मारते आहे. "प्रणाली, येतं का नाही वं? मिरवणूक चौकात आली!" आज लॅबला सुट्टी आहे, जयंती. आईने माझी पांढरी साडी सकाळीच काढून ठेवली आहे. गुडघा दुखत असताना ती माझ्यासाठी जिन्यात थांबली आहे. जाऊन येते.

बुधवार, १५ एप्रिल. जेवणाची सुट्टी.

काल परत आल्यावर लिहिणार होते. दोनदा बसले, दोनदा उठले. आज लॅबमध्ये लिहिते आहे. इथे अर्धा तास ठरलेला असतो, त्यामुळे टाळता येत नाही.

रविवारपासून मी स्वतःला एक कारण देत होते: माझ्या हातावर नाव नव्हतं, म्हणून मी नाही म्हणाले. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. मी तुझ्यासाठी खोटं बोलू शकले असते. बहुतेक. पण ते नाव माझं म्हणून घ्यायचं होतं, आणि तेवढं मला जमलं नाही.

जानेवारी २०२२ मध्ये लॅबमध्ये सहा ठोकळे आले. धारणीच्या बाजूला रस्त्याच्या कडेला एक भिंत बांधत होते, तिथले. कामाच्या जागी जे काँक्रीट ओततात त्यातूनच हे ठोकळे भरायचे असतात; आम्ही ते अठ्ठावीस दिवसांनी यंत्रात दाबून फोडतो आणि ताकद मोजतो. त्या सहांचे आकडे जवळजवळ एकच आले. खरं काँक्रीट इतकं एकसारखं नसतं. कोणीतरी जास्त सिमेंट घालून ते वेगळे तयार केले होते. सोबतच्या कागदावर साइट इंजिनिअर म्हणून अंकुशची सही होती.

मी नावावरून ठरवलं नाही. दुसऱ्या कामासाठी जीप तिकडे जाणार होती, तिच्यातून गेले. टोला मारून ताकद सांगणाऱ्या हातोड्याच्या यंत्राने भिंतीवर बारा ठिकाणी मोजलं. ठोकळ्यांच्या निम्मंही येत नव्हतं. ते आकडे माझ्या वहीत तारखेसह आहेत. वरिष्ठांना दाखवले. ते म्हणाले, लॅबमध्ये जे आलं त्याचाच रिपोर्ट द्यायचा असतो. मी तसा रिपोर्ट दिला. 'समाधानकारक'. खाली माझी सही आहे. पुढच्या वर्षी त्या भिंतीचा बराच भाग पाडून नव्याने बांधला, म्हणून मला ते आज लिहिता तरी येतं.

आता जे तुला माहीत नाही ते.

८ फेब्रुवारी २०२२ ला मी अकोल्याला आले होते. तुला न कळवता. रामरावकाकांना त्यांच्या ऑफिसबाहेरच्या चहाच्या टपरीवर भेटले आणि हे सगळं सांगितलं. काकांनी मध्ये एकच प्रश्न विचारला, "सही त्याचीच हाय, हे नक्की ना बाई?" मी हो म्हणाले. त्यांनी चहा तसाच ठेवला. मग म्हणाले, "माधवीले सांगू नको. तिले वाटन, मैत्रिणीनं मोडलं. मी त्यायच्याशी बोलतो. नकार त्यायच्याकूनच आला असं सांगू घरी. नात्यातली मानसं हायेत, कोनाची बदनामी नको."

माधवी, नकार अंकुशच्या घरून आला नव्हता. तो तुझ्या वडिलांनी दिला. आणि त्यांना मी सांगितलं होतं.

काकांना वाटलं असेल, महिन्याभरात सगळे विसरतील. तसं झालं नाही. मार्चमध्ये तू मला फोनवर विचारलंस, "माह्यात काय कमी होतं वं?" मी म्हणाले, "काही नाही." तू म्हणालीस, "काही नाही त मंग मोडलं काहून?" मी म्हणाले की लॅबमध्ये काम आहे, नंतर बोलू. त्यानंतर तुझे सात फोन मी घेतले नाहीत. तुला वाटलं, नोकरी लागल्यावर मी बदलले. मी तसं वाटू दिलं.

काकांनी नको म्हटलं होतं, हे कारण ऑगस्ट २०२४ पर्यंत चाललं. काका गेले तेव्हा त्यांच्या मातीला मी आले होते, मागे उभी होते, वीस मिनिटांनी निघाले. त्या दिवसापासून हे माहीत असलेली तुमच्या बाजूची मी एकटी उरले. तुला सांगायला मला कोणाचीच मनाई नव्हती. त्यानंतरच्या वीस महिन्यांचा दोष फक्त माझा आहे.

आणखी एक. हे लिहिलं नसतं तर तुला कधीच कळलं नसतं. लग्नानंतर तू सुरतला जाणार होतीस, अंकुशची बदली तिथे ठरली होती. मला ते नको होतं. काकांना भेटायला निघाले तेव्हा बसमध्ये मला हलकं वाटत होतं. ठोकळे खोटे होते, भिंत कच्ची होती, सही त्याची होती, हे तिन्ही मी तपासलं आहे. पण ते हलकं वाटणं त्यात किती होतं, हे मला आजपर्यंत मोजता आलेलं नाही. ठोकळे वरच्या कोणाच्या सांगण्यावरून भरले असतील का, हेही मी अंकुशला कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मी दोनदा खरं बोलले आणि दोन्ही वेळा तुझं लग्न मोडायला आलं. एकदा तुझ्या पाठीमागे, एकदा तुझ्यासमोर. तुझ्या जागी मी असते तर माझं तोंड पाहिलं नसतं. तरीही मी एक गोष्ट करू शकते, आणि ती तुला विचारल्याशिवाय करणार नाही. मागच्या वेळी विचारलं नव्हतं.

मी पातूरला जाऊ शकते. बैठकीच्या आधी, सोमवारी. शिवम आणि जमुनाआत्यांसमोर बसून सांगेन की साखरपुडा मुलीच्या वडिलांनी मोडला, का मोडला, आणि मुलीला ते आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. वही सोबत नेईन. पहिल्या साखरपुड्याची गोष्ट लपवली त्याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. ते माझ्याकडे नाही.

याचे परिणाम काय होतील तेही लिहिते. माझ्या सहीच्या रिपोर्टविरुद्ध मी स्वतः बोलेन. ते लॅबपर्यंत आलं तर नोकरी जाऊ शकते. तो विचार तू करायचा नाही, तो माझा भाग आहे. अंकुशच्या घरचे तुमच्यावर चिडतील. तो विचार मात्र तुला करावा लागेल. चंदाकाकूंना कळेल की काकांनी त्यांच्यापासूनही हे लपवून ठेवलं होतं. तेही तुलाच पाहावं लागेल.

माझ्या शब्दाला तिथे किती वजन राहील, सांगता येत नाही. शालू म्हणते, मी गेल्यावर आत्यांनी माझ्या आडनावाची नीट चौकशी केली, आणि आता त्यांना कळलं आहे. असो. पण एक गोष्ट त्यांनी स्वतः पाहिली आहे. 'हो' म्हटलं असतं तर सगळं हसण्यावारी गेलं असतं, तिथेही मी 'हो' म्हणाले नाही. मला खोटं बोलता येत नाही हे त्या घरात तुझ्या खालोखाल जमुनाआत्यांनाच माहीत आहे. रविवारच्या त्या एका शब्दाचा तुला काही उपयोग व्हायचा असेल तर एवढाच.

तू 'जा' म्हणालीस तर आपलं पूर्वीसारखं होईल, असा अर्थ मी काढणार नाही. आणि तुला हे कारण पातूरला न सांगता स्वतःपुरतं ठेवायचं असेल, तर तेही ठेव. तुझ्यात काही कमी नव्हतं. हे मार्च २०२२ मध्ये पूर्ण सांगायचं होतं.

सुट्टी संपली. यंत्र सुरू झालं आहे.

सोमवारची रजा मला आधी टाकावी लागेल, आणि पातूरला पोचायचं तर सकाळी लवकर निघावं लागेल. म्हणून रविवार, १९ एप्रिल, संध्याकाळी सहापर्यंत मला कळव. 'जा' किंवा 'जाऊ नको', एवढं पुरे. शालूच्या फोनवरून कळवलंस तरी चालेल. 'जाऊ नको' असेल तरीही कळव.

प्रणाली